वाचक विचारतात : हिवाळ्याचा मुक्काम गाडीतच

दिवाळी झाली की घराला कुलूप लावून दोन-तीन महिने कोकण, गोवा, कारवारच्या किनाऱ्यावर राहायचे आणि मुक्काम लॉजवर न करता आपल्याच गाडीत करायचा, असा बेत आखणाऱ्या कोल्हापूर परिसरातल्या वाचकांची पत्रे यंदा बरीच आली. त्यातल्या निवडक प्रश्नांना इथे उत्तरे दिली आहेत. ‘कोणती गाडी घेऊ?’ हा प्रश्न मात्र बाजूला ठेवला आहे. तो ज्याच्या त्याच्या खिशाचा मामला.

प्रश्न : आम्ही दोघे निवृत्त. पत्नीला दमा असल्याने इथली पहाटेची थंडी सोसत नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी मालवण-वेंगुर्ला भागात राहायचे म्हणून ट्रॅव्हलर गाडी तयार करून घेतोय. फॅब्रिकेटर म्हणतो, छतावर सोलर टाकू, त्यावर रात्रभर एसी चालवा. चालेल का? – राजारामपुरी

रात्रभर नाही, फार तर दोन तास. एक टनी इन्व्हर्टर एसी सरासरी ८०० वॅट ओढतो असे धरा. आठ तासांचे झाले ६,४०० वॅट-तास. १२.८ व्होल्ट, २०० अँपिअर-तासाच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत एकूण २,५६० वॅट-तास मावतात आणि त्यातले ८० टक्केच वापरावेत. म्हणजे हाताशी दोन हजारांच्या आसपास, शिवाय इन्व्हर्टरमध्ये दहा-बारा टक्के जातात ते वेगळेच.

एसी वगळला की हेच गणित आरामात सुटते. ५० लिटरचा १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रीज किनाऱ्यावरच्या हवेत दिवसाला सुमारे ५०० वॅट-तास खातो, २५ वॅटचा, कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा दहा तासांत २५०, दिवे, पाण्याचा पंप आणि मोबाइल मिळून आणखी २००-२५०. एकूण हजार. हजार वॅट-तासांसाठी वरची एक बॅटरी आणि ४०० वॅटचे पॅनेल पुरते. डिसेंबरात आपल्याकडे माध्यान्हीचा सूर्यही क्षितिजापासून जेमतेम ५० अंशांवर असतो, त्यामुळे छतावर सपाट ठोकलेल्या पॅनेलकडून दिवसाला १,२०० ते १,४०० वॅट-तासांपेक्षा जास्तीची आशा धरू नका. पॅनेल सिरीजमध्ये, म्हणजे एकामागोमाग एक अशी, जोडली असतील तर एका झावळीची सावलीही सगळ्यांचे उत्पादन खाली ओढते. उभे राहण्याच्या जागी झाडे असणारच, तेव्हा पॅरलल, म्हणजे शेजारी-शेजारी, जोडणी करून घ्या.

फॅब्रिकेटरला आणखी एक गोष्ट बजावून सांगा : इंजिनावर फिरून वीज तयार करणाऱ्या गाडीच्या अल्टरनेटरवरून लिथियम बॅटरीला थेट वायर टाकायची नाही. ही बॅटरी मिळेल तितका करंट ओढते. गाडी उभी राहून इंजिन मंद चालत असताना अल्टरनेटरचा पंखाही हळू फिरतो आणि वाइंडिंग जळते. मध्ये करंटला मर्यादा घालणारा ३० अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर हवा. दोन तासांच्या प्रवासात त्यातून सातशेच्या वर वॅट-तास भरतात, ढगाळ दिवसाची तूट निघते. बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज आणि टिन चढवलेली तांब्याची वायर, हेही लिहून द्या. खाऱ्या हवेत साधी वायर आतून हिरवी पडते.

आता तुमच्या मूळ कारणाबद्दल. कोल्हापुरात जानेवारीत पहाटे १४-१५ अंश, कधी त्याखाली. मालवण-वेंगुर्ल्याला १८ ते २०. रात्रीची थंडी टळेल. त्रास होईल तो दुपारी. हिवाळ्यात घाटावरून किनाऱ्याकडे येणारा कोरडा वारा सह्याद्री उतरताना तापतो. ज्या दिवशी समुद्रावरचा वारा उशिरा सुटतो त्या दिवशी रत्नागिरीचा पारा ऐन जानेवारीत ३५ च्या वर जातो. पत्र्याची गाडी त्याहून तापते. छताला आणि बाजूंना २५ मिलिमीटरचा बंद छिद्रांचा नायट्राइल फोम चिकटवा. ग्लासवूल नको, ते दमट हवा धरून ठेवते आणि पत्रा आतून गंजतो. छताला एका टोकाला हवा बाहेर फेकणारा १२ व्होल्टचा पंखा बसवा आणि दुसऱ्या टोकाची सावलीकडची खिडकी उघडी ठेवा.

रात्री छताची झडप दोन बोटे उघडीच ठेवायची. पूर्ण बंद गाडीत श्वासातली वाफ थंड पत्र्यावर पाणी होऊन बसते आणि गादीखाली बुरशी धरते. दम्याच्या माणसाला ती थंडीपेक्षा वाईट. गादीखाली सलग फळी न टाकता फटी सोडून पट्ट्या टाका. नेब्युलायझर असेल तर त्याच्यासाठी ३०० वॅटचा वेगळा, प्युअर साइन वेव्ह, म्हणजे घरच्या विजेसारखी वीज देणारा, इन्व्हर्टर ठेवा. मोठा इन्व्हर्टर बंद पडला तरी हा चालला पाहिजे. औषधांचे डॉक्टरांना विचारून घ्या.

प्रश्न : आतले सगळे फर्निचर १८ एमएम मरीन प्लायमध्ये करतोय. मजबूत राहील ना? – उद्यमनगर

फर्निचर राहील, गाडी दमेल. आठ बाय चारचा १८ एमएमचा एक ताव ३२ ते ३५ किलो भरतो. दहा ताव म्हणजे पाच धडधाकट माणसे कायमची आत बसवल्यासारखे. त्यात १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो. तुमच्याच पेठेत ॲल्युमिनियमच्या चौकोनी पाइपचा सांगाडा करून मिळेल. त्यावर ६ एमएमची फळी लावा आणि जिथे माणूस बसतो-झोपतो तेवढ्या जागी १२ एमएम. पाण्याची टाकी पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये, शक्य तितकी खाली बसवा आणि आत आडव्या पट्ट्या घ्या. अर्धी भरलेली टाकी घाटाच्या वळणावर डुचमळते आणि गाडी बाहेर ओढते.

काम पूर्ण झाल्यावर पाणी, गॅस, भांडी, कपडे सगळे भरून वजनकाट्यावर जा. आधी पुढची चाके, मग मागची, मग पूर्ण गाडी, असे तीनदा वजन घ्या आणि आरसीवरच्या कमाल वजनाशी ताडून पाहा. एकूण वजन मर्यादेत असूनही मागचा ॲक्सल जास्त भरलेला आढळतो, कारण बॅटरी, गॅस, संडास सगळे सोयीसाठी मागच्या दाराशी ठेवलेले असते.

प्रश्न : आरटीओचे काय? – वाचक, कागल

मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही. ‘मोटर कॅराव्हॅन’, म्हणजे राहण्याची सोय असलेली गाडी, हा वेगळा वर्ग आहे आणि त्याच्यासाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. मान्यताप्राप्त बॉडी बिल्डरकडून तशी गाडी घेणे किंवा काम सुरू करण्याआधी आरटीओकडून लेखी परवानगी घेणे, हे दोनच सरळ रस्ते. बदलाची नोंद आरसीवर आणि विमा पॉलिसीवर दोन्हीकडे हवी. नोंद नसलेल्या गाडीचा दावा विमा कंपनीने नाकारला तर भांडायला जागा उरत नाही.

प्रश्न : रात्री पंखा-फ्रीजसाठी छोटा पेट्रोल जनरेटर गाडीच्या मागच्या कप्प्यात ठेवला तर? – जयसिंगपूर

नको. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या कॅराव्हॅनमध्ये दोघे मृतावस्थेत सापडले. जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड आत शिरला होता. या वायूला वास नाही, रंग नाही आणि झोपेतल्या माणसाला तो जागा करत नाही. जनरेटर लागलाच तर गाडीपासून दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला ठेवून दिवसा बॅटरी भरून घ्या आणि झोपण्यापूर्वी बंद करा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म उशाच्या उंचीवर लावा.

गॅसचा अलार्म मात्र जमिनीपासून वीतभर उंचीवर, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो. त्याच कारणाने सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारे भोक हवे आणि कप्प्याचे दार झोपायच्या भागात उघडता कामा नये. घरचा १४.२ किलोचा सिलिंडर गाडीत नेऊ नका. पाच किलोचा घ्या, आणि गाडी हलण्याआधी रेग्युलेटर बंद.

प्रश्न : पाणी आणि संडासाची व्यवस्था नेमकी कशी करायची? – ताराबाई पार्क

मुक्काम किती दिवस टिकेल हे ठरते ते याच्यावर. काटकसरीने राहणाऱ्या दोघांना पिणे, स्वयंपाक, भांडी आणि बादलीभर अंघोळ धरून दिवसाला ३० ते ३५ लिटर लागतात. १०० लिटरची टाकी तीन दिवस. तितक्याच दिवसांचे सांडपाणी धरून ठेवणारी ६०-७० लिटरची खालची टाकी हवीच. मोरीचे पाणी वाळूत सोडून देणारे प्रवासी गावकऱ्यांच्या डोळ्यांवर येतात, आणि त्यात गावकऱ्यांची चूक नाही.

संडासाला कॅसेट प्रकार बरा. खालचा डबा साधारण १७ ते २० लिटरचा, दोघांना दोन-तीन दिवस पुरतो. तो बाहेर काढून, ज्याच्या आवारात मुक्काम आहे त्या यजमानाच्या संडासात ओतायचा. इथे बहुतेक जण चुकतात ते औषधात. निळ्या रंगाची काही औषधे फॉर्मल्डिहाइडची असतात, आणि ती सेप्टिक टँकमधले मळ कुजवणारे जिवाणू मारतात. कोकणातल्या घरांचा सगळा भरवसा सेप्टिक टँकवर आणि शोषखड्ड्यावर असतो. एकदा टँक तुंबला की तुम्हाला पुन्हा कोणी आवारात घेणार नाही. जैविक एन्झाइमचे द्रावण वापरा. जागा ठरवतानाच घरमालकाला डबा ओतण्याबद्दल स्पष्ट विचारा आणि त्याचे वेगळे पैसे द्या. लाजून गप्प राहिलात तर तिसऱ्या दिवशी अडचण येते.

खाडीलगतच्या विहिरी उन्हाळ्याकडे मचूळ होत जातात. टाकी भरण्याआधी घोटभर चाखून पाहा, पाण्यातले क्षार मोजणारा खिशातला टीडीएस मीटर असेल तर उत्तमच. पंपाच्या आधी जाळी लावा. हंगामाच्या सुरुवातीला टाकी निर्जंतुक करायला १०० लिटर पाण्यात ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइटचे साधे, बिनवासाचे ब्लीच १०० मिलिलिटर घाला. सगळे नळ वास येईपर्यंत उघडा, चार तास तसेच ठेवा, मग दोनदा धुऊन काढा.

प्रश्न : कोणत्या घाटाने उतरावे? आणि गाडी थेट बीचवर लावता येते का? – गारगोटी

तुम्हाला राधानगरी-दाजीपूर-फोंडा घाट-कणकवली हाच सोयीचा. वेंगुर्ला किंवा सावंतवाडीला जायचे तर आजरामार्गे आंबोली. तिलारीचा रस्ता गोव्याला जवळचा दिसतो, पण तीव्र उतार आणि आखूड वळणांमुळे अशा गाडीला योग्य नाही. पावसाळ्यानंतर घाटांत दुरुस्तीची कामे चालू असतात, निघण्याच्या आदल्या दिवशी चौकशी करा. उतरताना ज्या गिअरमध्ये हा घाट चढला असता त्याच गिअरमध्ये राहा. ब्रेकवर पाय ठेवून उतरले की लायनिंग तापतात आणि शेवटच्या वळणांवर पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. प्रवास दिवसाच. गळीत हंगाम सुरू असतो, उसाच्या ट्रॉल्या रिफ्लेक्टर नसलेल्या उभ्या असतात आणि दाजीपूरच्या जंगलात रस्त्यावर गवे येतात.

बीचवर नाही. ओल्या वाळूत जड गाडी रुतली की भरतीच्या आत निघेलच असे नाही. गोव्यात तर पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करायला बंदी आहे, दंड होतो. तारकर्ली-देवबागकडचा रस्ता अरुंद आहे. गाडीची उंची मोजून स्टिअरिंगजवळ चिकटवून ठेवा, फांद्या आणि वायरींचा अंदाज येतो. मुक्कामाला घरमालकाचे आवार घ्या आणि फळावर असलेल्या माडाखाली कधीही उभे राहू नका. नारळाने काच आणि पॅनेल दोन्ही फुटतात.

प्रश्न : मुलगा अमेरिकेत फिनिक्सला असतो. त्याने आरव्ही, म्हणजे राहण्याची गाडी, घेतली आहे आणि जानेवारी-फेब्रुवारी आम्हाला क्वार्ट्झसाइटच्या वाळवंटात नेणार आहे. इथून मिक्सर नेऊ का? – नागाळा पार्क

मिक्सर राहू द्या. तिथली वीज १२० व्होल्टची, आपला २३० व्होल्टचा मिक्सर त्यावर नुसता गुरगुरतो. खोबरे-लसूण वाटले जाणार नाही. तिथलाच १२० व्होल्टचा घ्या. कुकर मात्र न्या.

क्वार्ट्झसाइटजवळ ला पोसा ही सरकारी जमिनीवरची दीर्घ मुक्कामाची जागा आहे. तिचा हंगाम १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असतो, परवाना घेऊन राहता येते, पाणी भरायची आणि टाकी रिकामी करायची सोय आहे. विजेची जोडणी नाही. परवाना न घेता आसपासच्या मोकळ्या सरकारी जमिनीवर राहिलात तर साधारण २८ दिवसांत १४ दिवसांची मर्यादा लागते. दुपार आल्हाददायक असली तरी रात्री पारा पाच-सहा अंशांवर, कधी शून्याजवळ येतो, तेव्हा स्वेटर-कानटोपी इथलीच घेऊन जा. गाडी उबदार ठेवणारी शेगडी प्रोपेनवर चालते, पण तिचा पंखा बॅटरी खातो. लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज केली की कायमची खराब होते, मुलाला सांगून ठेवा. मैल्याच्या टाकीची झडप रोज उघडी ठेवायची नाही. पाणी निघून जाते आणि मळ तळाशी थापून बसतो. टाकी दोन-तृतीयांश भरल्यावरच सोडायची. उतरल्यावर आय-९४ या प्रवेश-नोंदीवरची परतीची तारीख पाहून घ्या, व्हिसावरची नव्हे. प्रवास विम्यात आधीपासूनचे आजार धरले आहेत का, हेही निघण्याआधी वाचा.

प्रश्न : मार्चमध्ये परत आल्यावर गाडीचे काय करायचे? – इचलकरंजी

पहिल्याच आठवड्यात सर्व्हिसिंग सेंटरवर खालचा चासीस गोड्या पाण्याच्या प्रेशरने धुऊन घ्या, विशेषतः चाकांच्या कमानी आणि पॅनेलचे स्टीलचे बोल्ट. ॲल्युमिनियमच्या फ्रेमला तिथूनच पांढरी बुरशीसारखी गंज धरते. टाक्या आणि पंप पूर्ण रिकामे, झाकणे उघडी. फ्रीजचे दार फडके अडकवून फटीत ठेवा. लिथियम बॅटरी ५०-६० टक्के भरून मुख्य स्विच बंद करा. टायरवरचा चार अंकी शिक्का पाहा : पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. सहा वर्षे उलटली असतील तर नक्षी शाबूत दिसली तरी पुढच्या हिवाळ्याआधी बदलून टाका.