पापलेटला लावलेली पट्टी आणि नाशिकचे दोन समुद्र

मागच्या अंकात कोकणातल्या वेळास गावच्या समुद्री कासवांवर चार ओळी काय लिहिल्या, या महिन्याचं निम्मं टपाल समुद्राचंच आलं. कांद्याचे आणि कुंभाच्या रस्त्यांचे प्रश्न पुढच्या वेळी घेतो, रागावू नका.

प्रश्न: आमच्या कॉलेज ग्रुपला ‘समुद्र वाचवा’ मोहीम करायचीये. सर म्हणाले, नाशकात कुठं आलाय समुद्र, त्यापेक्षा गोदाघाट झाडा. सरांचं बरोबर आहे का?
(एक विद्यार्थिनी, गंगापूर रोड)

अर्धं बरोबर आहे. घाट झाडाच, त्याला कोण नको म्हणतंय. पण आपल्याला समुद्र नाही हे काही खरं नाही, उलट दोन आहेत. ब्रह्मगिरीच्या एका अंगाला पडलेला पाऊस गोदावरीतून १,४६५ किलोमीटर फिरून आंध्रात बंगालच्या उपसागरात जातो, आणि त्याच त्र्यंबकच्या डोंगरातून निघणारी वैतरणा पश्चिमेला उतरून अरबी समुद्र गाठते. आपल्याच जिल्ह्यातल्या दमणगंगा आणि पार पण तिकडच्याच. म्हणजे आपण घाटमाथ्यावर बसलोय आणि दोन्हीकडे ओंजळ सोडतोय. सरांना हे नकाशावर दाखव, भूगोलाचे असतील तर खूशच होतील.

आता एक सांगतो ते मोहीमवाल्यांना आवडत नाही. ‘रामकुंडात टाकलेली पिशवी कासवाच्या पोटात जाते’ असलं पोस्टर करू नका. जाणारच नाही असं नाही, पण मध्ये नांदूर मध्यमेश्वर आहे, मग पैठणचं जायकवाडी आहे, पुढं आणखी धरणं आणि बंधारे आहेत, त्यामुळे आपला कचरा आधी आपल्याच माणसांच्या आणि पाखरांच्या नशिबी येतो. नांदूर मध्यमेश्वर हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर पाणथळ, म्हणजे जगात महत्त्वाचं म्हणून नोंदलेलं, आपल्या निफाड तालुक्यातलं, आणि थंडीत तिथं फ्लेमिंगो बघायला आपणच गाड्या भरून जातो. पोस्टरवर हेच लिहा ना. एक वाक्य खोटं निघालं की लोक अख्खी मोहीम मोडीत काढतात, आणि मग खरं बोललेलं पण कुणी ऐकत नाही.

झाडायचंच असेल तर मुंबईतल्या वर्सोव्याचं उदाहरण घ्या. २०१५ साली अफरोज शाह नावाच्या वकिलानं एका म्हाताऱ्या शेजाऱ्याला सोबत घेऊन किनाऱ्यावरचा कचरा उचलायला सुरुवात केली, मग माणसं जमत गेली, आणि मार्च २०१८ मध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात जाताना लोकांनी पाहिली. फोटो सगळ्यांनी शेअर केले. मधली अडीच वर्षं दर वीकेंडला तोच चिखल, तेच प्लास्टिक, आणि पावसाळ्यात लाट पुन्हा तेवढंच आणून टाकते, ते कुणी शेअर केलं नाही. तुमच्या ग्रुपचं परीक्षेच्या महिन्यात काय होणार एवढं आधी ठरवा, मग बॅनर छापा.

प्रश्न: बाजारात हल्ली तळहाताएवढं पापलेट मिळतं, स्वस्त पण असतं. मिस्टर म्हणतात घेऊ नको, ते बेकायदेशीर आहे. आपण घेतलं तर आपल्याला पकडतात का?
(एक गृहिणी, सिडको)

ताई, तुम्हाला कोण पकडतंय! पण मिस्टरांचं म्हणणं हवेतलं नाही. सिल्व्हर पापलेट म्हणजे आपलं नेहमीचं पापलेट, २०२३ पासून महाराष्ट्राचा राज्यमासा आहे, आणि त्याच वर्षी राज्यानं ५४ जातींसाठी किती लांबीच्या आतली मासळी धरायची नाही ते ठरवून दिलं. पापलेटला १३५ मिलिमीटर, म्हणजे साडेतेरा सेंटीमीटर. कारण साधं आहे, एकदा तरी अंडी घालू दे, मग धरा. बारीक आसाच्या, म्हणजे छोट्या छिद्रांच्या, जाळ्यात पिल्लं पण येतात, आली की विकली जातात, आणि मग पापलेट कुठं गेलं म्हणून आपणच रडतो.

मी मुलाच्या कंपासमधली पट्टी घेऊन बाजारात गेलो होतो, खोटं नाही सांगत. मुंबईहून बर्फात आलेला माल, थर्माकोलचा खोका नुकताच फोडलेला. मावशीनं आधी माझ्याकडं असं बघितलं की हा बाबा कोणत्या ऑफिसातून आला. वरची चार पापलेटं मस्त होती, अठरा सेंटीमीटर वगैरे, खालच्या थरातली बारा, साडेबारा, एक तर अकराचं. मावशी म्हणाली, ‘दादा, मी काय समुद्रात जाते का? जे येतं ते विकते. तुम्ही मोठं मागा, मी मोठं आणते.’ तिच्याशी काय वाद घालणार, बरोबरच बोलली. दोष तिच्या पाटीवर टाकू नका, पण छोटं दिसलं की ‘नको, पिल्लू आहे’ एवढं तोंडानं म्हणा, चार गिऱ्हाइकं म्हणाली की व्यापाऱ्याला फोन जातो. आणि जून-जुलैमध्ये ताजं ताजं म्हणून सुरमईचा हट्ट धरू नका, १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या दिवसांत सुकट आणि सुके बोंबील आहेतच की, नाहीतर गंगापूर धरणाचा मासा.

प्रश्न: सासुरवाडी डहाणूकडची असल्यानं वाढवण बंदराविरोधातल्या ऑनलाइन पिटिशनवर दोनदा सही केली. काही उपयोग होतो का, का नुसतंच समाधान?
(एक निवृत्त वाचक, नाशिकरोड)

काका, खरं सांगू का, नुसत्या सहीचा उपयोग कमी. वाढवणचंच बघा, डहाणूच्या किनाऱ्यावरचं हे मोठं बंदर. डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर आहे, सुप्रीम कोर्टाच्या आदेशानं १९९६ मध्ये तिथं वेगळं प्राधिकरण बसलं, त्यानं १९९८ मध्ये बंदराला नाही म्हटलं. लोकांना वाटलं संपलं. त्याच प्राधिकरणानं २०२३ मध्ये हो म्हटलं आणि २०२४ मध्ये केंद्रानं ७६ हजार कोटींच्या बंदराला मंजुरी दिली. बंदर हवं की नको यावर तुमच्या सासुरवाडीतच दोन मतं असतील, पण मच्छीमारांनी मात्र पंचवीस वर्षं मोर्चे, बंद, कोर्ट, सगळं केलं. अशी लढाई एकदा जिंकून भागत नाही, फाइल परत येते.

सहीपेक्षा लेखी हरकत जड. मोठ्या प्रकल्पाला २००६ च्या ईआयए, म्हणजे पर्यावरणावरच्या परिणामांच्या अभ्यासाच्या, अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणी बहुतेक वेळा लागतेच, त्याआधी निदान ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते, आणि अहवालाचा सारांश मराठीतून मिळायला हवा. सुनावणीत बोलायचा हक्क आधी तिथल्या लोकांचा, आणि तो त्यांचाच राहू द्या, नाशकातून गाडी करून जाऊन माइक धरायची गरज नाही. पण ज्यांचा संबंध पोचतो त्यांना लेखी म्हणणं पाठवता येतं, आणि तुमची तर सासुरवाडीच आहे. ‘निसर्ग वाचवा’ एवढंच लिहिलं तर ते फायलीत झोपतं. अमुक पानावर म्हटलंय की इथं मासेमारी नगण्य आहे, आमच्या मेव्हण्याची बोट तिथंच जाते, ही डिझेलची बिलं, असं लिहिलं की उत्तर द्यावं लागतं. मंजुरी निघाल्यावर हरित लवादात, आपल्यासाठी पुण्याचं खंडपीठ, अपिलाला ३० दिवस असतात, कारण पटलं तर वर ६०. लोक नेमके इथं चुकतात, सोशल मीडियावर भांडत बसतात आणि तारीख निघून जाते.

प्रश्न: वेळासला मुलांना घेऊन कधी जावं?
(पंचवटी)

साधारण फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत. मंडणगड तालुक्यातलं गाव आहे, चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ पासून गावकऱ्यांना घेऊन तिथली घरटी राखली, आधी हीच अंडी लोक खायचे नाहीतर विकायचे. सकाळ-संध्याकाळ घरट्यावरची टोपली उचलतात, खाली पिल्लं असली तर दोरीच्या आत सोडतात आणि ती स्वतःच्या पायांनी, म्हणजे वल्ह्यांनी, पाण्याकडं निघतात. हात लावायचा नाही, फ्लॅश नाही, दोरी ओलांडायची नाही. जायच्या आधी गावात फोन करून त्या आठवड्यात कुठलं घरटं उबायचंय ते विचारा. आम्ही न विचारता गेलो होतो, दोन दिवस चारही वेळा टोपली उचलली, खाली वाळू. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही परतीच्या गाडीत असताना गावातून फोन आला की एकोणतीस निघाली.