लॅपटॉप आधी कपाटातून काढा

"मुलगी बीएस्सी फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रात्री दोनपर्यंत लॅपटॉपवर आकाशगंगांची रंगीत चित्रं काढत बसते. गणितात ५२ मार्क पडले, म्हणून मी लॅपटॉप कपाटात कुलूप लावून ठेवलाय. सहा महिन्यांच्या डेटा सायन्स क्लासला घालू का?"
– एक यंत्रमागधारक वडील, सोलापूर

अहो, मार्कांचं नंतर बघू. मला खटकलं ते कुलूप. वीस वर्षांची मुलगी आहे ती! शिवाय ज्या क्लासला तुम्ही ऐंशी हजार मोजायला निघालात, तिथंही सुरुवात पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेनंच होणार. तेच ती घरी फुकटात शिकत होती. चार पानांच्या पत्रात तिचं म्हणणं काय, याची एक ओळ नाही. विचारलंत का तिला?

"चित्रं काढते" हा तर मोठाच गैरसमज. सिम्युलेशनमधून, म्हणजे संगणकावर गणितानं उभ्या केलेल्या आकाशगंगेतून, आकडे येतात: अवकाशाच्या लाखो कप्प्यांतली घनता, तापमान, वेग. वाय-टी नावाची पायथॉन लायब्ररी (तयार प्रोग्रामांचा संच) त्यांचा प्लॉट, म्हणजे रंगीत आलेख काढते, पण काय काढायचं ते माणसानं ठरवायचं. कांदा कापून आत बघावं तसा स्लाइस घेतला, तर घनता ग्रॅम प्रति घन सेंटिमीटरमध्ये येते. प्रोजेक्शन घेतलं, तर नजरेच्या रेषेतलं सगळं द्रव्य एकत्र जमा होतं आणि एकक होतं ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर. तापमानाची अशी बेरीज मात्र निरर्थक. तिथं घनतेचा भार देऊन सरासरी काढतात. जकार्डचं, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागाचं कार्ड चुकलं की चादरीवरचा मोर बिघडलेला लगेच दिसतो. इथं चुकलेला मोरही देखणाच दिसतो.

पुढची वाट सरळ आहे: एमएस्सीला जॅम, पीएचडीला जेस्ट किंवा नेट, या प्रवेशपरीक्षा. आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था पुण्यातच आहे. खगोलशास्त्र नाही जमलं तरी हे वाया जात नाही. २०१८-१९ मध्ये सोलापूरवर पावसासाठी ढगांत बीजारोपण करणारी विमानं फिरली, तो पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचा प्रयोग. हवामानाच्या मॉडेलचे आकडेही पायथॉनमध्येच उघडतात.

५२ मार्कांची काळजी मलाही वाटते. प्रोजेक्शन म्हणजे गणितातलं इंटिग्रेशनच (बारीक तुकड्यांची बेरीज), ते कच्चं राहिलं तर नुसत्या कमांड पाठ असून कोणी विचारणार नाही. क्लासचे पैसे ठेवा, गणिताला चांगले सर बघा.

आणि आज रात्री तिच्याशेजारी बसा. प्लॉटच्या कडेच्या रंगपट्टीवर बोट ठेवून विचारा, "हे एकक असं का गं?" उत्तर तुम्हाला नाही कळलं तरी चालेल. ती अडखळली, तर अभ्यास कुठून सुरू करायचा ते तिचं तिला कळेल.