नवीन एम२चं पहिलं ऑइल कधी बदलायचं, आणि मुंबईत रनिंग कशी काढायची?

प्रश्न थोडक्यात असा: अंधेरीत राहता, नवीन बीएमडब्ल्यू एम२ घेतलीय. मित्र म्हणतो ५०० किलोमीटरला ऑइल बदल, मॅन्युअल म्हणतं २,०००ला, आणि तिसऱ्याच कोणी सांगितलंय की कंपनीचं ऑइल खास असतं, वर्षभर हात लावू नकोस. शिवाय रोज अंधेरी ते परळ ऑफिसला नेऊन रनिंग, म्हणजे नवं इंजिन बसवून घेण्याचे पहिले २,००० किलोमीटर, पूर्ण होईल का?

आधी अभिनंदन. ऑइलचं उत्तर एका ओळीत संपतं: २,०००ला, कंपनीच्या रनिंग-इन सर्व्हिसलाच. त्यात इंजिन ऑइल आणि फिल्टरबरोबर मागच्या डिफरन्शियलचं, म्हणजे मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्याचं, ऑइलही बदलतात. मित्राच्या पाचशेवाल्या सल्ल्यात हे डिफरन्शियल हमखास विसरलं जातं. वर्षभर हात लावू नको म्हणणाराही खोटं बोलत नाही, फक्त तो दुसऱ्या गाडीबद्दल बोलतोय. होंडा पहिलं ऑइल लवकर काढू नका असंच सांगते. ज्याचं इंजिन, त्याचं मॅन्युअल.

पण खरी गोम तुमच्या दुसऱ्या प्रश्नात आहे. मी बारा वर्षं इंजिनकामाच्या वर्कशॉपमध्ये बोअरिंग-होनिंगच्या, म्हणजे सिलिंडर आतून कापून-घासून नेमका करणाऱ्या, मशीनवर काढली आहेत. होनिंग झालेल्या सिलिंडरमध्ये टॉर्च मारली की आत तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेषांची जाळी दिसते. नख फिरवलं तर जाणवेल न जाणवेल इतकी बारीक. एम२च्या सिलिंडरला वेगळा लायनर (आत बसवलेली नळी) नसतो, फवारलेला लोखंडी थर असतो, पण शेवटचा हात होनिंगचाच. या रेषांमध्ये ऑइल धरून राहतं, आणि पिस्टनभोवतीची नवी रिंग त्यांच्या कडांवर घासत आपली जागा करून घेते. रिंगला सिलिंडरच्या भिंतीशी दाबून धरतो तो मुख्यतः जळणाऱ्या गॅसचा दाब. म्हणजे इंजिनवर थोडा लोड हवाच. नवीन गाडी म्हणून फुलासारखी जपत चालवली तर रिंगा अर्धवट बसतात, भिंतीला काचेसारखी चकाकी येते आणि मग इंजिन कायमचं ऑइल पीत बसतं. आजकालची मशिनिंग इतकी सुधारलीय की जुन्या फियाटसारखं नाजूक प्रकरण राहिलेलं नाही, पण तत्त्व तेच.

आता अंधेरी-परळ. ताशी २०च्या सरासरीने २,००० किलोमीटर म्हणजे इंजिनचे १०० तास, आणि त्यातले निम्मे एसी लावून सिग्नलला उभे. हायवेला ताशी ६०ने तेच अंतर ३३ तासांत होतं. मीटर दोन्हीकडे सारखंच दाखवतो. वर तुमचं इंजिन डायरेक्ट इंजेक्शनचं, म्हणजे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणारं. ते थंड असताना थोडं पेट्रोल रिंगांच्या कडेने खाली उतरून ऑइलमध्ये मिसळतं, आणि ऑइल नीट तापलं नाही तर ते पेट्रोल उडूनही जात नाही. तेव्हा ऑफिसला लोकलने जा. प्रभादेवीला उतरलात की परळ समोरच.

गाडी रविवारी पहाटे काढा. ठाण्याहून नाशिक हायवे, शहापूर, कसारा घाट, इगतपुरीला चहा आणि परत. ट्रकांच्या आधी घाट गाठा. गिअरबॉक्स ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोडला घ्या, चढावर दुसऱ्या-तिसऱ्यात, दोन ते चार हजार आरपीएमच्या मध्ये, अर्ध्या अ‍ॅक्सिलरेटरवर खेचा. उताराला पाय काढून इंजिनवरच उतरू द्या. वेग सतत बदलता हवा. म्हणून अटल सेतू मला यासाठी निरुपयोगी वाटतो, पावणेबावीस किलोमीटर एकाच वेगाने. कोस्टल रोडचंही तेच, फोटो मात्र छान येतील.

एम गाड्यांना रनिंगमध्ये बीएमडब्ल्यूची मर्यादा ५,५०० आरपीएम आणि ताशी १७० आहे, फुल थ्रॉटल आणि किकडाउन (अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून गिअर खाली पाडणं) बंद. १७०चं जाऊ द्या, पोलिसांचा कॅमेरा त्याच्या कितीतरी आधी टिपेल. टायर साधारण ३०० किलोमीटरनंतर पकड धरतात, ब्रेकना पाचशे लागतात. पहिल्याच घाटात हे विसरू नका. आणि ऑइलचं तापमान बघत चला, कारण कूलंट आधी तापतं, ऑइल मागाहून. माझा नियम, ऑइल ८० अंशांवर येईपर्यंत तीन हजारांच्या वर जायचं नाही.

सर्व्हिसला गेलात की जुनं ऑइल पांढऱ्या ट्रेमध्ये काढायला सांगा आणि मोबाईलची टॉर्च मारा. पहिल्या ऑइलमध्ये बारीक चमक दिसते, रांगोळीत चमकी मिसळल्यासारखी. एवढं चालतं. बोटाला टोचेल असा कण सापडला तर मात्र तिथेच थांबून विचारा. नव्या ड्रेन बोल्टबरोबर किंवा जुन्याबरोबर, वॉशर मात्र नवीनच बसवून घ्या. मी एकदा माझ्या हॅचबॅकला जुनाच वॉशर पुन्हा लावला, दहा-वीस रुपये वाचवले. आठवडाभराने सोसायटीच्या टाइल्सवर बशीएवढा काळा डाग, आणि सेक्रेटरींची चिठ्ठी वायपरखाली.

५००ला बदललंत तर इंजिनचं नुकसान होणार नाही, खिशाचं होईल. करायचंच असेल तर मॅन्युअलमधल्या ग्रेडचं आणि मान्यतेचं ऑइल घ्या, बिलावर चेसिस नंबर घालून घ्या, वॉरंटीच्या वेळी तोच कागद कामी येतो. आणि २,०००ची सर्व्हिस तरीही चुकवू नका.

या गाडीला डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) नाही, लेव्हल स्क्रीनवर बघायची, इंजिन गरम आणि गाडी सपाट जागेवर असताना. नवीन इंजिन थोडं ऑइल खातं. स्क्रीनने मागितलं तरच आणि तेवढंच घाला, मॅक्सच्या वर थेंबभरही नको.