फुल एचडी, ४के, क्यूलेड, मिनी एलईडी, ओलेड – चित्रात खरंच एवढा फरक असतो का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा, की घरातला जुना फुल एचडी एलईडी टीव्ही बदलायचाय, दुकानात गेलात तर सगळेच टीव्ही ४के, वर क्यूलेड, मिनी एलईडी, ओलेड अशी नावं, आणि तिथे सगळ्यांचंच चित्र झगमगीत दिसतं, मग चित्रातला खरा फरक कशामुळे येतो आणि तो घरी सोफ्यावर बसून दिसतो का.

दिसतो, अगदी स्पष्ट दिसतो, पण सगळे ज्या आकड्याबद्दल बोलतात त्या ४केमुळे, म्हणजे चित्राचे ठिपके (पिक्सेल) वाढवल्यामुळे, तो फार कमी येतो. मला विचाराल तर टीव्ही बघताना सगळ्यात आधी त्याचा काळा रंग बघायचा. हे मी आग्रहाने सांगतोय कारण मी स्वतः यात फसलोय.

माझ्याकडे आधी ४२ इंची प्लाझ्मा होता, म्हणजे आता बंद झालेल्या तंत्राचा टीव्ही. त्या साइजच्या बऱ्याच प्लाझ्मात पिक्सेल असायचे १०२४ गुणिले ७६८, म्हणजे आठ लाखही भरत नाहीत. तो बिघडल्यावर मी फुल एचडी एलईडी घेतला, १९२० गुणिले १०८०, म्हणजे जवळजवळ २१ लाख पिक्सेल, अडीचपटीहून जास्त. घरी लावला, दिवसा मस्त वाटलं, अक्षरं कोरीव, रंग ताजे. रात्री दिवे बंद करून सिनेमा लावला आणि पहिल्याच अंधाऱ्या सीनला मन खट्टू झालं. काळं आकाश राखाडी, खालच्या दोन्ही कोपऱ्यांत पांढुरके ढग, सगळ्या चित्रावर धुकं पसरल्यासारखं. मला आधी वाटलं पीसच खराब आलाय, पण नाही, त्या प्रकारच्या पॅनलचा तो स्वभावच होता आणि मला तो माहीत नव्हता.

कारण असं की एलईडी टीव्ही म्हणजे मुळात एलसीडीच. पूर्वी एलसीडीच्या मागे ट्यूबलाइटसारख्या बारीक नळ्या असायच्या, त्यांच्या जागी एलईडी आल्या आणि नाव बदललं, एवढंच. चित्र तयार होतं ते पुढच्या लिक्विड क्रिस्टलच्या थरात, आणि हा थर स्वतः उजेड देत नाही, तो फक्त झडपेचं काम करतो, मागचा उजेड कुठे किती सोडायचा ते ठरवतो. पण झडप कितीही घट्ट लावली तरी थोडा उजेड झिरपतोच. किती झिरपतो ते पॅनलवर आहे, आणि त्याचे मुख्य प्रकार दोन, आयपीएस आणि व्हीए. आयपीएस पॅनलचा काँट्रास्ट साधारण १०००:१ असतो, म्हणजे पांढरा रंग ३०० निट्सचा (निट हे ब्राइटनेसचं माप) असेल तर त्याच वेळी काळा ०.३ निट्सचा, आणि अंधाऱ्या खोलीत एवढा उजेड डोळ्यांना नक्की जाणवतो. व्हीए पॅनलमध्ये हेच प्रमाण ३०००:१ किंवा त्याहून वर जातं, म्हणून रात्री व्हीए बराच खोल वाटतो. पण व्हीएला बाजूने बघितलं की रंग फिके पडतात, आयपीएस बाजूने चांगला टिकतो. तुमच्याकडे चार-पाच जण खोलीभर पसरून बघत असाल तर हे महत्त्वाचं, एकटे समोर बसून बघणार असाल तर व्हीए बरा. खोक्यावर हे सहसा लिहिलेलं नसतं, म्हणून दुकानात टीव्हीच्या अगदी बाजूला जाऊन उभं राहून बघा, रंग धुतल्यासारखे झाले तर बहुतेक व्हीए.

प्लाझ्मात ही भानगडच नव्हती कारण प्रत्येक पिक्सेल स्वतः चमकायचा. पायोनियरने २००७ साली आपल्या प्लाझ्माचं नावच 'कुरो' ठेवलं होतं, जपानीत कुरो म्हणजे काळा. पुढे पॅनासोनिकने २०१३ च्या अखेरीला प्लाझ्मा बनवणं थांबवलं, सॅमसंग आणि एलजीने २०१४ मध्ये. वजन, वीजखर्च, उष्णता आणि ४के इतके बारीक पिक्सेल करायची अडचण, यात ते तंत्र गेलं. मला अजून त्याची हळहळ वाटते.

आता एलसीडीतला हा झिरपणारा उजेड कमी करायला काय केलं जातं ते बघा, कारण आजच्या टीव्हींमधला मोठा फरक इथेच आहे. स्वस्तातल्या टीव्हीत एलईडी एक तर कडेला लावलेल्या असतात किंवा मागे थोड्याशा, आणि सगळ्या एकत्रच कमी-जास्त होतात. त्याच्या वरच्या टीव्हीत मागे एलईडीची पूर्ण जाळी असते आणि तिचे वेगवेगळे झोन करतात, चित्रात जिथे अंधार तिथला झोन मंद करायचा. याला लोकल डिमिंग म्हणतात. मिनी एलईडी म्हणजे हीच गोष्ट खूप लहान एलईडी वापरून, मग झोन काही शेकडे ते काही हजारांपर्यंत जातात. फरक जबरदस्त पडतो, पण गणित करून बघा, ४के मध्ये पिक्सेल जवळजवळ ८३ लाख, झोन समजा १०००, म्हणजे एका झोनच्या वाट्याला ८,३०० पिक्सेल. त्या ८,३०० मध्ये एकच चांदणी चमकवायची असली तरी मागचा अख्खा झोन लावावा लागतो, म्हणून चांदणीभोवती किंवा काळ्या पट्टीवरच्या सबटायटलभोवती फिकट वलय दिसतं. टीव्हीने ते टाळायला झोन मंद ठेवला तर चांदणीच मिणमिणती होते. चांगला प्रोसेसर यातून सुवर्णमध्य काढतो, साधा काढू शकत नाही, आणि त्यामुळे दोन मिनी एलईडी टीव्हीसुद्धा शेजारी ठेवले तर वेगळे दिसू शकतात.

क्यूलेड या नावाने सगळ्यात जास्त गोंधळ केलाय. तो ओलेडचा भाऊ वगैरे नाही, तोही एलसीडीच आहे. मागे निळ्या एलईडी आणि त्यांच्यापुढे क्वांटम डॉटचा थर, म्हणजे नॅनोमीटरमधले कण, जे निळा उजेड घेऊन लाल आणि हिरवा देतात, कण मोठा असेल तर लाल, लहान असेल तर हिरवा. याच कणांच्या शोधासाठी २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, इतकी ती सुंदर गोष्ट आहे. त्याने रंग खरंच शुद्ध आणि भरगच्च होतात, गडद लाल आणि पोपटी हिरव्यात तर लगेच कळतं. पण काळ्या रंगाबद्दल क्यूलेड हे नाव काहीच सांगत नाही. लोकल डिमिंग नसलेला क्यूलेड रात्री माझ्या त्या एलईडीसारखाच राखाडी दिसणार, फक्त रंग जास्त चांगले. म्हणून क्यूलेड आहे म्हटलं की पुढचा प्रश्न लगेच विचारायचा, लोकल डिमिंग आहे का आणि झोन किती.

ओलेडमध्ये मागचा लाइट हा प्रकारच नाही. ८३ लाखांपैकी प्रत्येक पिक्सेल आपापला पेटतो आणि आपापला विझतो, काळा म्हणजे बंद. मी पहिल्यांदा अंधारात ओलेड बघितला तेव्हा सीन काळा झाल्यावर स्क्रीनची कड कुठे संपते आणि भिंत कुठे सुरू होते तेच कळेना, आणि मग त्या काळोखात एक मेणबत्ती पेटली, तिच्याभोवती वलय नाही, धूसरपणा नाही, नुसती ज्योत. हे ज्याने एकदा बघितलं त्याला पिक्सेलचे आकडे सांगायची गरज उरत नाही. बाजूनेही रंग जवळजवळ तसेच राहतात. २०२२ पासून क्यूडी-ओलेडही आलेत, त्यात निळ्या ओलेडवर क्वांटम डॉट असतात, चित्राच्या खूप उजळ भागातही रंग फिके पडत नाहीत, पण खोलीत लख्ख उजेड असेल तर त्याची काळी स्क्रीन किंचित राखाडी-जांभळट वाटते.

ओलेडचे दोष लपवणार नाही. अख्खी स्क्रीन पांढरी झाली, समजा बर्फाचा डोंगर, की टीव्ही स्वतःच ब्राइटनेस खाली आणतो, तिथे चांगला मिनी एलईडी सरळ पुढे जातो. दुसरं म्हणजे बर्न-इन. एकच न्यूज चॅनेल रोज कित्येक तास, खालची लाल पट्टी आणि कोपऱ्यातला लोगो त्याच जागी, असं वर्षानुवर्षं चाललं तर तो ठसा राहू शकतो. माझ्या प्लाझ्मावर एका चॅनेलचा लोगो कायमचा बसला होता, त्यामुळे मला ही भीती माहितीये. सिनेमा, सिरीज, मॅच असं बदलून बदलून बघणाऱ्याला फारशी काळजी नको.

४केचं म्हणाल तर ते अंतरावर आहे. नॉर्मल डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागापर्यंतचं बारीक दिसतं, त्या हिशोबाने फुल एचडीचे पिक्सेल स्क्रीनच्या उंचीच्या साधारण ३.२ पट अंतरापलीकडे वेगळे कळत नाहीत. ४३ इंची टीव्हीची उंची २१ इंच, म्हणजे साडेपाच फुटांपलीकडे बसलात तर ४केच्या जादा पिक्सेलचा फायदा जवळजवळ शून्य. ५५ इंचीला हेच अंतर सव्वासात फूट येतं. ४के घेऊ नका असं नाही, आता मोठ्या साइजमध्ये दुसरं काही फारसं मिळतही नाही, फक्त त्यासाठी बाकी गोष्टी सोडू नका. आणि एक इशारा, साधा एसडी, म्हणजे एचडी नसलेला, चॅनेल ७२० गुणिले ५७६ चा असतो, ४केचे पिक्सेल त्याच्या बरोबर २० पट, म्हणजे तुम्ही जे बघता त्यातल्या २० पैकी १९ पिक्सेल टीव्हीने अंदाजाने भरलेले असतात. नवा मोठा टीव्ही आणून जुनाच एसडी चॅनेल लावला आणि 'आधीचाच बरा होता' असं घरात कोणी म्हणालं तर ते खोटं नसतं.

एचडीआरचा, म्हणजे उजळ भाग जास्त उजळ आणि गडद भाग जास्त गडद दाखवणाऱ्या व्हिडिओचा, शिक्का जवळपास सगळ्यांवर असतो. साधं व्हिडिओ १०० निट्स धरून बनवलेलं असतं, एचडीआरचं बरंचसं १००० निट्स किंवा त्याहून वरचं. ३०० निट्सचा, डिमिंग नसलेला टीव्ही तो सिग्नल घेतो खरा पण दाखवू शकत नाही, उलट चित्र कधी कधी जास्तच काळवंडतं. पॅनल १० बिटचं असेल तर मात्र सूर्यास्ताच्या आकाशात रंगांचे पट्टे पट्टे दिसत नाहीत, प्रत्येक रंगाच्या २५६ ऐवजी १०२४ पायऱ्या मिळतात.

दुकानात सगळे सारखेच झगमगीत का दिसतात, तर तिथे सगळे व्हिव्हिड मोडवर, लख्ख ट्यूबलाइटखाली, आणि डेमो व्हिडिओ फुलांचे आणि पोपटांचे. त्यात काळा रंग येतच नाही. तुम्ही त्यांना मूव्ही किंवा फिल्ममेकर मोड लावायला सांगा, पेनड्राइव्हवर रात्रीचा एखादा सीन घेऊन जा, तोच लावा आणि काळ्या भागाकडे बघा. मूव्ही मोड आधी पिवळट वाटेल, दोन दिवसांत डोळा बसतो आणि मग व्हिव्हिड निळाशार आणि खोटा वाटायला लागतो. मोशन स्मूदिंगही बंद करा, सिनेमा २४ फ्रेमचा असतो आणि टीव्ही मधल्या फ्रेम स्वतः घुसडून त्याची मालिका करून टाकतो. मॅचला हवं तर चालू ठेवा.

तुम्ही लिहिलंय की दिवसा बातम्या आणि मॅच, रात्री सिनेमा. म्हणजे दोन्हीकडचं काम आहे, आणि यात खोलीच निर्णय देईल. दुपारी जुना टीव्ही बंद करून तुमच्या नेहमीच्या जागेवर बसा आणि काळ्या स्क्रीनमध्ये बघा. खिडकी आरशासारखी दिसत असेल आणि तिथे जाड पडदा लावायची तयारी नसेल तर भरपूर झोनवाला मिनी एलईडी घ्या. स्क्रीनमध्ये तुमचा चेहरासुद्धा धड दिसत नसेल आणि बातम्या दिवसभर चालू राहत नसतील तर ओलेड घ्या, साइज एक पायरी लहान घ्यावी लागली तरी चालेल.