सायलेन्सरवाली हलकी कार्बाइन ठाण्यात जुळवता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेतले लोक टेबलावर सुटे भाग मांडून हलकी कार्बाइन, म्हणजे आखूड नळीची रायफल, जुळवतात, पुढे सायलेन्सर चढवतात, माळावर नेऊन चाचणी घेतात. तुम्ही ऐरोलीला राहता. वागळे इस्टेटमधल्या एखाद्या लेथवाल्याकडून पार्ट करून घेतले तर आपल्याकडे जमेल का?

तो लेथवाला म्हणजे मीच समजा. वागळेत माझे दोन लेथ आणि एक मिलिंग मशीन आहे, आणि बरीच वर्षं रविवारी एअर रायफल मारतो. उत्तर 'नाही' असं आहे. कसंनुसं 'नाही' नव्हे, ठाम.

१९५९ च्या शस्त्र कायद्यात 'शस्त्र' या शब्दाच्या व्याख्येतच शस्त्रांचे भाग येतात आणि ते बनवायची यंत्रंसुद्धा. म्हणजे तुमचं ड्रॉइंग घेऊन मी चकवर नुसता बार लावला तरी माझा लेथ पंचनाम्यात जाईल. आवाज किंवा जाळ कमी करणारी वस्तू त्याच कायद्यात 'फायरआर्म' मध्ये धरली आहे; पुढे बंदूक लावलेली असो वा नसो. कलम ५ मध्ये विनापरवाना बनवणं, बदल करणं, दुरुस्ती करणं याच्या जोडीला 'टेस्ट' हा शब्दही आहे, तेव्हा 'मी फक्त चाचणी घेत होतो' हा बचाव कायद्यानं आधीच खोडून ठेवलाय. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवण्याची शिक्षा किमान ७ वर्षं, कमाल जन्मठेप. असल्या कामाचे फोन मला वर्षाकाठी एखाद-दुसरे येतात. 'फिल्मसाठी प्रॉप पाहिजे' अशी सुरुवात असते. मी ठेवून देतो.

अमेरिकेतसुद्धा तो प्रकार व्हिडिओत दिसतो तितका मोकाट नाही. १९३४ च्या कायद्यानं तिथे सायलेन्सरची सरकारदरबारी नोंदणी लागते. त्यावरचा २०० डॉलरचा कर २०२६ पासून शून्यावर आला, नोंदणी मात्र राहिली. १६ इंचांपेक्षा आखूड नळीची रायफलही त्याच यादीत.

आता त्या 'आवाज न होणाऱ्या' बंदुकीबद्दल, कारण खरं कुतूहल तिथेच असतं. सायलेन्सर हा शब्द आपण स्कूटरच्या पुंगळीला वापरतो, आणि ते नातं खरं आहे. हायरम पर्सी मॅक्सिम यांनी १९०९ मध्ये बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट घेतलं आणि तीच कल्पना इंजिनाच्या धुराड्यालाही लावली. नळीतून एकदम सुटणारा तापलेला वायू आत अडवायचा आणि सावकाश सोडायचा, एवढंच. पण बंदुकीला दोन आवाज असतात. एक या वायूचा. दुसरा गोळीचा स्वतःचा: ती ध्वनीपेक्षा, म्हणजे सेकंदाला साधारण ३४० मीटरपेक्षा, जोरात गेली की हवेत चाबकासारखा कडाका उठतो. सायलेन्सर पहिला कमी करतो, दुसऱ्याला हातही लावत नाही. ५.५६ मिलिमीटर रायफलची गोळी सेकंदाला ९०० मीटरच्या आसपास जाते, म्हणजे कडाका आहे तिथेच. म्हणून दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश कमांडोंच्या डी लायल कार्बाइनला मुळातच मंद असलेलं .४५ इंची पिस्तुलाचं काडतूस होतं. सिनेमातलं 'फुस्स' विसरा. रायफलचा आवाज सायलेन्सरनं २५-३० डेसिबलनं उतरला तरी उरतो तो कान बधिर करायला पुरेसा असतो.

हलकेपणाचंही तसंच. कार्बाइन हलकी लागते ती दिवसभर गळ्यात घेऊन फिरणाऱ्याला. पुण्याच्या पाषाणमध्ये डीआरडीओच्या एआरडीई या शस्त्र-संशोधन संस्थेनं आखलेली संरक्षक कार्बाइन सुमारे ३ किलोची आहे, तिला तो हिशेब आहे. पण कागदावर एकाच भोकातून दहा छर्रे घालायचे असतील तर हलकी बंदूक तुमची शत्रू. छातीचा ठोका, श्वास, बोटाचा झटका, सगळं तिच्यात उतरतं. १० मीटर एअर रायफलच्या नियमात कमाल वजन ५.५ किलो आहे आणि नेमबाज नळीला वजनं लावून त्या आकड्याच्या जवळ जायला बघतात. मी नवीन होतो तेव्हा मला हे उलटंच वाटायचं.

तर जुळवणं आणि चाचणी, या दोन गोष्टींचीच हौस असेल तर एअर रायफल घ्या. ४.५ मिलिमीटर बोअर (नळीचं भोक) आणि २० ज्यूलच्या आतली ताकद असेल तर परवाना लागत नाही. आमच्या क्लबातल्या स्पर्धेच्या रायफलचा ०.५३ ग्रॅमचा छर्रा क्रोनोग्राफवर (वेग मोजायच्या यंत्रावर) १७२ मीटर प्रतिसेकंद दाखवतो, म्हणजे ८ ज्यूलच्या आत. नळीच्या टोकाला सायलेन्सरसारखं दिसणारं जे असतं तो एअर स्ट्रिपर. तो आवाजासाठी नसतो. छर्‍यामागून येणारी हवा बाजूला काढतो, नाहीतर ती छर्‍याच्या मागच्या कडेला ढकलून त्याला हेलकावे देते.

चाचणी अशी घेतो. रायफल शिकंज्यात पक्की बांधायची, माणूस बाजूला. १० मीटरवर कागद, एकाच बॅचचे दहा छर्रे. जे एक फाटकं भोक उरतं त्याचं बाहेरून-बाहेरून माप व्हर्नियरनं घ्यायचं, त्यातून ४.५ वजा करायचे. गेल्या पावसाळ्यात एकाच कंपनीचे, एकाच ४.४९ मिलिमीटर मापाचे दोन डबे घेतले. एकाचं भोक ५.९, दुसऱ्याचं ७.४. म्हणजे १.४ आणि २.९, दुप्पट फरक, आणि डब्यावर बॅचनंबरखेरीज एक अक्षर वेगळं नाही. लक्ष्यावरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, म्हणजे विचार करा. लेथवर केसभराची चूक पकडतो म्हणून कॉलर ताठ करणारा मी, त्या दिवशी वही घेऊन खाली बसलो. कागदाची कड नखानं दाबून सपाट करायची, नाहीतर व्हर्नियर खोटं बोलतो. हे मला एका बारा वर्षांच्या पोरीनं शिकवलं.

एक मात्र करू नका, मी केलंय. सोळाव्या वर्षी नौपाड्यातल्या चाळीत मामाची स्प्रिंगवाली एअरगन हाती आली. गुळगुळीत चालावी म्हणून आत शिलाई मशीनचं तेल सोडलं, चांगलं सढळ हातानं. पहिलाच बार सुतळी बॉम्बसारखा फुटला, निळा धूर गॅलरीभर, खालच्या काकू लाटणं घेऊन जिन्यात. स्प्रिंग सुटली की हवा इतकी दाबली जाते की तेल पेट घेतं. डिझेल इंजिन चालतं तेच तत्त्व. वॉशर जळाला, आणि मामानं बंदूक दोन वर्षं कपाटावर टाकली.

घ्यायचीच असेल तर आधी विकत घेऊ नका. पनवेलला ऑलिंपियन नेमबाज सुमा शिरूर यांची अकादमी आहे, ऐरोलीहून लोकलनं ठाणे-पनवेल लाइन धरली की झालं. क्लबच्या रायफलवर दोन-तीन महिने मारा, मग स्वतःचं बघा. २०२२ मध्ये कैरोला १० मीटर एअर रायफलचा विश्वविजेता झालेला रुद्रांक्ष पाटील आपल्या ठाण्याचाच, त्यामुळे इथल्या पोरांना हे काही परक्याचं खूळ वाटत नाही. रायफल नेताना कव्हरमध्ये, रिकामी, बिलासकट. सणासुदीला आणि निवडणुकीत ठाण्यात नि नवी मुंबईत पोलीस महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ चा मनाई आदेश काढतात, त्या दिवसांत आधी पोलीस ठाण्यात विचारून घ्या. एअर रायफलला परवाना लागत नाही हे नाक्यावरच्या हवालदाराला समजावत बसायची वेळ येऊ नये. आणि छर्रे शिशाचे असतात, वडापाव खायच्या आधी हात साबणानं धुवा. आमच्याकडे बेसिनवर तशी पाटीच आहे, तरी दर रविवारी कोणीतरी विसरतं.