तीन अमेरिकन करिक्युलम आणि जेवताना पडलेला एक प्रश्न

ताई, सलाम. तुमचं पत्र पाच पानी आहे, सगळं इथे देत नाही, पण बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगते. तुम्ही पिंपरीत राहता, माहेर-सासर दोन्ही नगरकडचं, मुलगी तेरा वर्षांची, लॉकडाऊनमध्ये तिची शाळा सुटली ती सुटलीच, तेव्हापासून घरीच शिकते. गणित-सायन्स तुम्ही घेता, बरं चाललंय. आता मिस्टरांनी ठरवलंय की इतिहास यापुढे ख्रिस्ती पुस्तकांतूनच शिकवायचा, पुस्तकं अमेरिकेहून मागवायची. अबेका, बॉब जोन्स आणि एसीई अशा तीन कंपन्यांच्या किमती एक्सेलमध्ये काढून पाठवल्यात आणि विचारलंय की यातला कुठला घेऊ, कारण मुलीला पुढे अमेरिकेत बायबल कॉलेजला पाठवायचं आहे.

शीट बघितली. शिपिंग आणि कस्टम धरून रुपयात हिशोब, मेहनत घेतलीय तुमच्या ह्यांनी, मान्य. पण खरं सांगू, माझं लक्ष शीटवर नव्हतंच, कारण दुसऱ्या पानावर तुम्ही सहज एक गोष्ट लिहून गेलात. मुलीने रात्री जेवताना विचारलं की खापरपणजोबा १९०० साली मिशनच्या अनाथाश्रमात आले म्हणजे दुष्काळातच आले ना, मग ते भाकरीसाठी ख्रिस्ती झाले का? ह्यांनी हात धुतला, ताटावरून उठले, दोन दिवस बोलले नाहीत आणि तिसऱ्या दिवशी करिक्युलमचा शोध सुरू झाला. हा क्रम तुम्हीच लिहिलाय, मी लावलेला नाही. आणि पाच पानांत "ह्यांचं म्हणणं" अकरा वेळा आहे, मी मोजलं. "तिचं म्हणणं" एकदाही नाही, तिचं म्हणणं म्हणून जे काही आहे ते एवढा एकच प्रश्न, आणि त्याला उत्तर म्हणून आता अमेरिकेहून खोकी येणार.

म्हणून मला काळजी वाटते ती ह्याची. तिला कळलंय की घरात काही प्रश्न विचारले की बाबा ताटावरून उठतात. तेरा वर्षांची पोरगी एकदा हे शिकली की मग ती विचारायचं बंद करते, आणि तुम्हाला वाटतं की सगळं शांत झालं. तुम्ही लिहिलंय "आता ती गप्प असते, अभ्यासात लक्ष घालते". ताई, ते वाचून मला बरं वाटलं नाही.

आणि प्रश्न किती चांगला आहे ते बघा ना! साल आहे, कारण शोधणं आहे, आणि स्वतःच्या घराकडे बघायची हिंमत आहे, एम.ए.ला बसलेल्या मुलांना असा प्रश्न पडत नाही. १८९९-१९००चा दुष्काळ भयंकरच होता, नगर जिल्ह्यात मिशनने अनाथाश्रम काढले, मुलांना सुतारकाम-विणकाम शिकवलं, तिकडे केडगावला पंडिता रमाबाईंनी शेकडो मुली आणून ठेवल्या. त्या वर्षांत बाप्तिस्मे वाढले, हे मिशनवाल्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय आणि त्यांच्यातल्या काहींना त्याची चिंताही वाटत होती. यात लपवायचं काय आहे? उपाशी पोर जिथे खायला मिळतं तिथे जाणार, मी गेले असते, तुम्हीही गेला असता. ह्यांना तिला उत्तर द्यायचंच असेल तर उलट पुढचा प्रश्न द्या म्हणावं: ठीक आहे, भाकरीसाठी आले असतील, मग पाऊस पडल्यावर परत का नाही गेले? गेलेले पण होते काही. हे का राहिले? हे शोधायला तिला दोन वर्षं लागतील आणि तेवढ्यात तिचा अर्धा इतिहासाचा अभ्यास होऊन जाईल.

आता एक गैरसमज, तो काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तुम्ही लिहिलंय की कंपनीचा बारावीपर्यंतचा कोर्स पूर्ण केला की डिप्लोमा मिळतो, मग बोर्डाची भानगड नको. असं नसतं हो. भारतात कॉलेजला प्रवेश हवा तर मान्यताप्राप्त बोर्डाची दहावी-बारावी लागते, परदेशातलं काही असेल तर भारतीय विश्वविद्यालय संघाचं समकक्षतेचं पत्र मागतात, आणि घरबसल्या वर्कबुक भरून मिळवलेल्या डिप्लोमाला ते पत्र मिळेल असं धरून आयुष्याचं नियोजन करायचं नाही. बरं अमेरिकेत तरी सगळीकडे डोळे झाकून घेतात का? कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीने याच जातीच्या पुस्तकांवरचे काही शालेय कोर्स प्रवेशासाठी धरायला नकार दिला, ख्रिस्ती शाळा २००५ मध्ये कोर्टात गेल्या, २००८ मध्ये निकाल युनिव्हर्सिटीच्या बाजूने लागला आणि २०१० मध्ये अपिलातही तोच टिकला. त्यात एक इतिहासाचाच कोर्स होता. आक्षेप धर्मावर नव्हता, पुस्तक घटनांची कारणं थेट देवाच्या योजनेत सांगून मोकळं होतं आणि पुरावा कसा तपासायचा ते शिकवत नाही, यावर होता. म्हणजे ज्या दारासाठी एवढा खर्च करताय तिथेच कधीकधी ही किल्ली लागत नाही. आणि पास्टर व्हायचं म्हटलं तरी पुण्यातल्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत सेरामपूर सिनेटचं बी.डी. (धर्मशास्त्राची पदवी) करायला आधी साधी बारावी हवीच.

परीक्षेचं सोपं आहे: चौदा पूर्ण झाली की एनआयओएसची, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची दहावी, किंवा बाहेरून बसणाऱ्यांसाठीचा राज्य बोर्डाचा सतरा नंबर फॉर्म, ऐपत असेल तर केंब्रिजला प्रायव्हेट कँडिडेट. माझं मत एनआयओएस, त्यात सोशल सायन्सबरोबर भारतीय संस्कृती आणि वारसा हा विषय घेता येतो, मराठी पण आहे. संपलं.

आता "ख्रिस्ती इतिहास" या शब्दाकडे येते. ह्यांची तक्रार आहे की शाळेच्या पुस्तकात आपण कुठेच नाही. खरी आहे तक्रार, मी वाद घालणार नाही. पण अमेरिकन पुस्तकात तुम्ही आहात का? तिथे १६२०चं मेफ्लॉवर जहाज आहे, प्लिमथची वसाहत आहे, थँक्सगिव्हिंगची टर्की आहे जी तुमच्या मुलीने गेल्या वर्षी सॅम्पल वर्कबुकमध्ये तपकिरी रंगाने रंगवली (तुम्हीच फोटो पाठवलाय, पोरीने खाली पेन्सिलने "ही कोंबडी आहे का?" लिहिलंय, मला फार आवडलं ते). हिंदुस्थानातला म्हणून फार तर मिशनरी विल्यम कॅरी भेटेल. त्या कॅरीचं मराठी व्याकरण १८०५ मध्ये निघालं आणि त्याच्या मराठीच्या कामात वैजनाथ पंडितांचा हात होता, हे तिथे कोण सांगणार? तो त्यांचा इतिहास आहे, त्यांच्या मुलांसाठी लिहिलेला, त्यात त्यांची चूक काहीच नाही. तुम्ही तो आपला म्हणून विकत घेताय एवढंच.

तुमचा इतिहास घरात आहे. फेब्रुवारी १८१३ मध्ये अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल मुंबईत उतरला, कंपनी सरकार त्याला परत पाठवायच्या बेतात होतं, तो टिकला आणि १८२६ मध्ये कॉलऱ्याने गेला. १८२४ मध्ये त्याच्या मिशनने मुंबईत मुलींची शाळा काढली. १८२७ मध्ये त्याच मिशनची सिंथिया फरार आली, एकटी, लग्न न झालेली बाई, पुढे नगरला तिने मुलींच्या शाळा चालवल्या, त्या शाळा बघून जोतीराव फुल्यांच्या डोक्यात पुण्याची शाळा आली. १८४२ मध्ये नगरातून मिशनचं नियतकालिक ज्ञानोदय निघायला लागलं. १८५७ मध्ये बाबा पदमनजींची यमुनापर्यटन आली, मराठीतली पहिली कादंबरी म्हणतात ती, आणि विषय काय तर विधवांची दशा. ना. वा. टिळक, लक्ष्मीबाई तर नगरचेच झाले. तुम्ही लिहिता की मुलगी वर्कबुक अर्धवट टाकते आणि आजोबांच्या लोखंडी पेटीतले ज्ञानोदयचे जुने अंक घेऊन बसते, त्यातल्या मृत्यूच्या बातम्या वहीत उतरवते, "वेळ वाया घालवते". ताई, ज्याला तुम्ही वेळ वाया घालवणं म्हणता त्याला संशोधनात टिपणं काढणं म्हणतात.

पण एक आहे, हा इतिहास घ्यायचा तर सगळा घ्यावा लागेल, गोडगोड तेवढाच नाही. गोव्यातलं इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, १५६० ते १८१२ चाललं, मधली काही वर्षं सोडली तर अडीचशे वर्षं, ते पण ख्रिस्ती इतिहासातच येतं. कुठलाही करिक्युलम हातात आला की मी आधी शेवटची सूची उघडते आणि असले शब्द आहेत का बघते, नसले तर पुस्तक खाली ठेवते. आणि जात. ती बाप्तिस्म्याच्या रजिस्टरमध्ये कधी ना कधी तुमच्या खापरपणजोबांचं नाव शोधेल, आधीचं नाव आणि नवं नाव शेजारी-शेजारी बघेल आणि पुढचा प्रश्न विचारेल. तुम्ही पत्रात लिहिलं नाहीये, मीही विचारत नाही, पण तिला उत्तर लागेल, कारण ते नुसतं इतिहासाचं नाही, ॲडमिशनच्या फॉर्मवरचं पण आहे. १९५०च्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना, नंतर १९५६ मध्ये शिखांना, १९९० मध्ये बौद्धांना मिळाला, ख्रिस्ती झालेल्यांना नाही, महाराष्ट्रात त्यांना ओबीसीत धरतात. तो जातीचा दाखला तुमच्याकडे आहे का, नसेल तर काढायला घ्या, बारावीच्या जूनमध्ये धावपळ करू नका. अमेरिकेच्या पुस्तकात हे सापडणार नाही.

बायबल कॉलेजचं काय, असं हे विचारतील. तिने ठरवू दे. मला तरी पत्रातून दिसते ती मुलगी डेक्कन कॉलेजच्या किंवा पुराभिलेखागाराच्या वाटेवरची दिसते, पण मी तिच्याशी बोललेली नाही, म्हणून एवढ्यावर थांबते, नाहीतर मी पण ह्यांच्यासारखंच करतेय असं होईल. श्रद्धा जाईल ही ह्यांची भीती मी हसण्यावारी नेत नाही. फक्त ती संडे स्कूल, प्रार्थना, घरची माणसं यांनी सांभाळायची गोष्ट आहे. इतिहासाच्या पुस्तकाला ते काम दिलं तर इतिहासही जातो आणि मुलीला एक दिवस वाटतं की मला काहीतरी लपवून शिकवलं.

तेव्हा तिघांपैकी कुठला? कुठलाच नको. त्या पैशातल्या थोड्याशात दिवाळीत ह्यांनी तिला चार दिवस नगरला न्यावं, ह्यांनीच, तुम्ही नाही. चर्चच्या पाळकांना आधी फोन करून रजिस्टर बघायला मिळेल का विचारावं, वही-पेन्सिल न्यावी, शाईचं पेन नको, आणि तिथे ती जे विचारेल ते विचारू द्यावं. पुढचं पत्र तिला लिहू द्या, शुद्धलेखन तपासू नका.

आणि हो, शेवटच्या ओळीत लिहिलंय की हे त्या जुन्या अंकांना लॅमिनेशन करून आणणार आहेत. कृपा करून नको! लॅमिनेशन केलेला कागद परत कधी सुटत नाही, आतल्या आत खराब होतो, सेलोटेप पण लावू नका. पेटी जमिनीवरून उचलून कोरड्या जागी ठेवा, अंक आडवे ठेवा, आणि सगळ्या पानांचे मोबाईलवर फोटो काढायचं काम तिला द्या.