गटात तपासणी म्हणजे सगळ्यांसमोर पोट उघडं करायचं का?

पाचवा महिना, दुसरं बाळंतपण. गरोदर बायकांच्या गट तपासणीत नाव घालू का, असं नर्सताईंनी विचारलं तर तिने साफ नाही म्हटलं. म्हणून माझ्याकडे समुपदेशनाला पाठवली. सासूबाईंना बाहेर बसवल्यावर ती बोलली, "मॅडम, एवढ्या बायकांपुढे पोट उघडं टाकायचं? शिवाय मधे एक पाडलंय, घरात माहीत नाही. तिथं विचारलं तर?"

दोन्ही शंका रास्त. गटात साधारण एकाच महिन्यात तारीख असलेल्या आठ ते बारा जणी असतात, दीड-दोन तास. वजन आणि बीपी जिचं तिने घ्यायचं, कार्डावर स्वतः लिहायचं. पोट मात्र एकेकीचं, पडद्याआड तपासतात. गर्भपात, एचआयव्हीचा रिपोर्ट, घरातली मारहाण हे विषय सगळ्या गोल करून बसलेल्या असताना कुणाला विचारायचेच नाहीत. (नर्स खुर्चीवर, बायका सतरंजीवर आणि तासभर आहारावर भाषण, याला गट तपासणी म्हणणं धाडसाचं आहे.)

पाडल्याचं डॉक्टरांना मात्र पडद्याआड सांगायला सांगितलं. रक्तगट निगेटिव्ह असेल तर ते कळणं फार गरजेचं. गर्भपात केलेल्या स्त्रीची ओळख डॉक्टरांनी फोडू नये, हे एमटीपी कायद्यात, म्हणजे गर्भपाताच्या कायद्यात, 2021 च्या दुरुस्तीने आलं आहे. हे ऐकल्यावर ती तयार झाली.

पहिल्याच बैठकीत तिचं वरचं बीपी 142 दिसलं. धापा टाकत आलेली, पट्टा ब्लाउजच्या बाहीवरून, वर शेजारणीशी गप्पा. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीला लावून बसवलं, उघड्या दंडाला पट्टा बांधला, हात छातीच्या उंचीला टेकवला. 118 वर 76. पुन्हा 140 वर 90 किंवा जास्त आलं असतं तर घरी सोडायचं नव्हतं, लघवीतलं प्रोटीन तपासायचं होतं. दुसऱ्या एकीचं हिमोग्लोबिन वाढत नव्हतं. ती लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या एकत्रच, चहाबरोबर घेत होती. दोन्हींत दोन तासांचं अंतर हवं आणि चहा तर नकोच, हे तिला गटातल्याच बाईने सांगितलं.

आपल्या पहिलीची खरी भीती तिसऱ्या बैठकीत निघाली. मागच्या खेपेला कळांमध्ये एका रुग्णालयात तिला ऐकावं लागलं होतं, "आता कशाला ओरडतेस?" पुन्हा एकटीने आत जायची तिची तयारी नव्हती. सरकारी रुग्णालयात प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवण्याची सूचना केंद्राने 2016 मध्येच दिली आहे. सोबतीण शक्यतो स्वतः बाळंत झालेली असावी, तिला संसर्गाचा आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत, तिने दुसऱ्या बायकांच्या खाटांपाशी जाऊ नये आणि उपचारात लुडबूड करू नये. मात्र ऐन वेळी दारात वाद नको म्हणून आठव्या महिन्यातच प्रसूती कक्षाच्या सिस्टरना नाव सांगून ठेवायचं.

सासूबाईंना वाईट वाटेल, यावरच अर्धा तास गेला. शेवटी थोरली जाऊ ठरली. नवव्या महिन्यातल्या बैठकीला तीही आली आणि तिने पहिला प्रश्न विचारला: कळा चालू असताना पाणी पाजलं तर चालतं का? चालतं, डॉक्टरांनी काही कारणाने मनाई केली नसेल तर पाणी, सरबत घोट घोट द्यायचं, आणि पाणमोट फुटून पाणी हिरवट दिसलं तर लगेच सिस्टरना हाक मारायची.